नरडाण्याचा क्लाऊड

रविंद्रभाऊ कुठल्याही परिषदेहून परत आले की जळगावच्या ऑफिसात सगळ्यांत आधी सबा धास्तावायची. माणूस दोन दिवस हैदराबादला जातो, फुकटची बिर्याणी खातो आणि गळ्यातली ओळखपत्राची दोरी पुढे आठवडाभर मिरवतो, याला तिची हरकत नव्हती. हरकत होती ती तिथून येणाऱ्या शब्दांना. मागच्या वर्षीच्या शब्दापायी केळीच्या घडांना क्यूआर कोडची लेबलं चिकटवण्यात तीन महिने गेले होते, आणि अर्धीअधिक लेबलं रावेरकडच्या बकऱ्यांनी खाल्ली होती. या वर्षीचा शब्द होता 'डिसेंट्रलाइज्ड क्लाऊड'.

"आता एकाच बड्या कंपनीच्या दावणीला राहायचं नाही," भाऊ म्हणाले. ते गिरणाकाठ सॉफ्टवेअरचे मालक, आणि मालक उभ्याने बोलू लागला की चौघाही नोकरांनी कॉम्प्युटरवरून हात काढायचा असा तिथला रिवाज. "जगभर लोकांकडे कॉम्प्युटर नुसते पडून आहेत. ज्याला आपलं काम चालवायचं असेल तो बोली लावेल, आपण निवडायचं. ना कोणी मालक, ना कोणी साहेब. आपली 'शिट्टी' आता आख्ख्या जगात!"

आख्ख्या जगाला 'शिट्टी'चं काय करायचं होतं, कोण जाणे. तिची गरज होती धुळ्याच्या कडेच्या दोन वस्त्यांना, नूरबागला आणि शेजारच्या त्रिशरणनगरला. तिथे नळाला बुधवारी पाणी येतं. वार ठरलेला, वेळ नाही. सकाळी सातला येईल, दुपारी तीनला येईल, सव्वा-दीड तास राहील आणि जाईल, की पुन्हा आठ दिवस बोंब. पूर्वी व्हॉल्व्ह उघडणारा अभिमन सायकलवरून शिट्टी वाजवत गल्ल्या फिरायचा. पण शिट्टी ऐकायला कोणीतरी घरात लागतं, म्हणून दर बुधवारी घरटी एका बाईचा रोज बुडायचा.

सबाची आई हमीदा तेलमिलमध्ये शेंगदाणे निवडायला जायची. तिचे बुधवार बुडताना पाहतच सबा मोठी झाली होती. म्हणून इंजिनियर झाल्यावर तिने सगळ्यांत आधी केलं ते हे. अभिमनने व्हॉल्व्ह उघडला की मोबाइलवर एक बटण दाबायचं. त्या गल्लीतल्या प्रत्येक घराला साध्या फोनवरही मेसेज जायचा, 'पाणी आलं'. अकराशे घरांचे नंबर सबाने दारोदार फिरून मिळवले होते. परक्याला नंबर द्यायला बायका तयार नसतात. हमीदाची पोरगी, बांगड्यावाल्या हबीब मन्यारची पोरगी, म्हणून दिले.

हमीदाच्या मिलमध्ये बायकांचे फोन सुपरवायझरच्या टेबलावर असायचे. फोन आला तर तो कापायचा, पण 'पाणी आलं' हा मेसेज दिसला की हाक मारायचा आणि तासाभराची सुट्टी द्यायचा. ही सवलत त्याने अटीवर दिली होती: आता पाण्याच्या नावाखाली एकही खाडा चालणार नाही. पुन्हा खाडा झाला तर जागा दुसरीला. दोन वर्षांत हमीदाचा एक खाडा झाला नव्हता.

भाऊंनी या कामात एकच गोष्ट स्वतःच्या हाताने केली होती. 'शिट्टीला निरोप' नावाचा कार्यक्रम घेऊन त्यांनी अभिमनला शाल आणि नारळ दिला आणि त्याच्या गळ्यातली एकोणीस वर्षांची पितळी शिट्टी काढून घेतली. ती आता जळगावच्या ऑफिसात भाऊंच्या खुर्चीमागे काचेच्या फ्रेममध्ये होती, खाली पाटी 'लेगसी सिस्टिम'. अभिमनला कोणी विचारलंही नव्हतं. विचारण्यासारखी गोष्ट आहे असं भाऊंच्या मनातसुद्धा आलं नसणार.

असो. शब्द आला होता, तेव्हा काम करणं भाग होतं. आणि खरं सांगायचं तर या वेळचा शब्द सबाला वाईट वाटला नव्हता. हवं ते सगळं एका फाईलमध्ये लिहायचं ही रीत तर तिला मनापासून आवडायची. मेमरी किती, जागा किती, कोणत्या वाटेने बाहेरचं जग आत येणार, हे ओळीने लिहायचं, एक आज्ञा द्यायची, की लिहिल्याबरहुकूम सगळं उभं. मोडलं तर तीच आज्ञा पुन्हा. 'साहेब जेवायला गेलेत' नाही की 'उद्या या' नाही. वर कोणी कधी कुठली ओळ बदलली ते नावानिशी, वेळेनिशी कायम राहतं, आणि दुसऱ्याने मंजूर केल्याशिवाय बदल लागूच होत नाही. अशी शिस्त धुळे-जळगावच्या कुठल्या कचेरीत तिने पाहिली नव्हती.

तिने फाईल लिहिली. त्यात चार अटी घातल्या. जागा देणाऱ्याची कोणीतरी तपासणी केलेली असावी. त्याचं यंत्र निदान सहा महिने न थांबता चाललेलं असावं. नंबरांची यादी अशा कायमच्या जागेत राहावी की यंत्र बंद पडून पुन्हा सुरू झालं तरी पुसली जाणार नाही. आणि त्या यादीची रोज एक नक्कल दुसऱ्या देशातल्या दुसऱ्या यंत्रावर जावी. तासाभरात चार बोल्या आल्या: दोन फिनलंडच्या, एक पोलंडची, एक ब्राझीलची. भाऊ खुर्ची ओढून शेजारी बसले.

"यातला कोण ओळखीचा आहे?"

"ओळखीचा असायची गरजच नाही, भाऊ. त्यासाठीच तर हे आहे. अटी पाळल्या नाहीत तर त्याला काढायचं आणि दुसरा घ्यायचा."

"असं कसं? अनोळखी घरात कोणी लेक देतं का?"

हसावं की कपाळावर हात मारावा हे सबाला कळेना. पण भाऊंचा दोष तरी काय म्हणा. त्यांची अर्धी हयात टेंडरच्या अटी अशा लिहून घेण्यात गेली होती की त्या अटींत एकच माणूस बसावा. कुठलंही काम असो, आधी 'आपला माणूस' शोधायचा आणि मग काम. जगातल्या हजारो अनोळखी यंत्रांमधून भाऊंना आता आपला माणूस हवा होता, आणि तो त्यांना तीन दिवसांत सापडला. त्यांच्या साडूचा मुलगा स्वप्नील, मुक्काम नरडाणा. बापाच्या पाइपच्या गोदामात त्याने मागे कधीतरी ऑनलाइन नाणी पाडण्यासाठी आठ कॉम्प्युटर मांडले होते. नाणी काही पडली नाहीत. कॉम्प्युटर राहिले, आणि त्यांच्यापुढे गार हवेसाठी लावलेला कूलरही राहिला.

शुक्रवारी दुपारी सबाच्या पडद्यावर मंजुरीसाठी एक बदल आला. भाऊंनी स्वतः फाईलमध्ये हात घातला होता. चारही अटी खोडल्या होत्या आणि एक नवी घातली होती: जागा देणाऱ्याचा प्रदेश 'खान्देश' असावा. प्रदेशाचं नाव जो तो आपलं आपण लिहितो. जगात 'खान्देश' असं लिहिणारा स्वप्नील सोडून दुसरा कोणी नव्हता आणि होण्याची भीतीही नव्हती. बदलाखाली कारण लिहायची जागा असते. तिथे भाऊंनी निर्मळ मनाने लिहिलं होतं, 'आपल्या माणसालाच मिळावं म्हणून.'

"भाऊ, अटी का खोडल्या?"

"स्वप्नीलच्या मशीनला झेपत नाहीत त्या. कायमची जागा का काय म्हणतेस, ती त्याच्याकडे नाही."

"मग स्वप्नील नको ना."

भाऊ तिच्याकडे असे बघत राहिले की जणू तिने त्यांच्या घरच्या पंगतीतून कोणाला उठवलं. सबाने विचारलं, "आणि नक्कल? ती तरी राहू द्या. तेवढी एक ओळ."

"अगं, क्लाऊड म्हणजेच नक्कल! त्याची परत नक्कल कशाला? तू पुस्तकं जास्त वाचतेस, सबा. कर मंजूर."

अर्धा तास ती वाद घालत होती. चार वाजून गेले. साडेचारला धुळ्याची बस होती, पण बस चुकेल म्हणून तिने मंजुरी दिली असं म्हणणं खोटं ठरेल. वैतागूनही दिली नाही. या गृहस्थाला एकदा चारचौघांत सणसणीत तोंडावर पडू दे, त्याशिवाय अक्कल येणार नाही, असा स्वच्छ विचार करून तिने बटण दाबलं, आणि दाबताना तिला बरंही वाटलं. पडतील ते भाऊ एकटेच पडतील, असं तिने धरून ठेवलं होतं.

लिलाव झाला. बोली एक आली. भाऊंनी टाळ्या वाजवल्या आणि कंदी पेढे वाटले. जगातला सगळ्यांत मोकळा बाजार, आणि तिथेही भाऊंनी साडूच्या पोरालाच काम मिळवून दिलं! 'शिट्टी' आख्ख्या जगात जायची होती, ती गेली नरडाण्याला, पाइपांच्या ढिगामागे. तिसऱ्या आठवड्यात भाऊंनी जुना सर्व्हरही त्यातल्या यादीसकट पुसून बंद करून टाकला. चौथ्या आठवड्यात त्यांनी कुठल्याशा क्लबात 'विकेंद्रित खान्देश' या विषयावर भाषण ठोकलं. पाच बुधवार मेसेज बिनतक्रार गेले, आणि प्रत्येक बुधवारी भाऊ सबाकडे पाहून भुवया उडवत. तिच्या डोक्यात जायचं ते.

सहाव्या बुधवारी भडगावला भाऊंच्या पुतणीचं लग्न होतं. सबा एकटीच ऑफिसात होती. पावणेबाराला अभिमनचा फोन आला.

"तई, हाई चाक गरागरा फिरी राहिनं. मेसेज काही जाई नही राहिना."

"व्हॉल्व्ह उघडलात का, भाऊ?"

"पावने अकराले खोला. माले वाटनं, रेंज नही. तई, बठ्ठा दारेसले कुलूप शे. पानी गटारीमा चालनं."

सबाने नरडाण्याचं यंत्र तपासलं. उत्तर नाही. तिने भाऊंना फोन लावला, उचलला नाही. स्वप्नीलला चार वेळा लावला. पाचव्या वेळी बँडच्या दणदणाटातून त्याचा आवाज आला.

"ताई, आम्ही भडगावला आलोय ना! भाऊकाकांनी तीन-तीनदा फोन केला, घरातलं एक माणूस मागे राहायचं नाही म्हणून. निघताना मम्मीने मेन स्विच पाडला."

"गोदामाचा?"

"घराचा आणि गोदामाचा एकच आहे."

गावाला जाताना गॅस बंद करायचा, कड्या तपासायच्या आणि मेन स्विच पाडायचा, ही घरोघरची शिस्त. स्वप्नीलच्या आईचं, बेबाबाईंचं, काहीएक चुकलं नव्हतं. चुकलं होतं ते हे, की आपला माणूस आपल्याच लग्नाला येणार एवढंसुद्धा 'विकेंद्रित खान्देश'च्या वक्त्याला सुचलं नव्हतं.

सबाने आपली जुनी फाईल, चारही अटींची, बाहेर काढली आणि आज्ञा दिली. फिनलंडातल्या एका माणसाने बोली लावली. त्याने तिचं गाव विचारलं नाही, जात विचारली नाही, मामा कोण ते विचारलं नाही. अकरा मिनिटांत 'शिट्टी' त्याच्या यंत्रावर उभी राहिली, चकचकीत आणि रिकामी. अकराशे नंबर नरडाण्यात अंधारात होते. संध्याकाळी स्विच वर झाला तेव्हा ते तिथेही नव्हते. कायमच्या जागेची ओळ खोडलेली होती, म्हणून यंत्राने कोरी पाटी घेऊन काम सुरू केलं होतं.

अम्मीला तिने पाच फोन केले. पाचही सुपरवायझरने नियमाप्रमाणे कापले. मग तिने स्वतःच 'पाणी आलं' लिहून पाठवलं, पण तोवर तो जेवायला उठला होता. सव्वाबाराला पाणी गेलं.

गुरुवारी टँकर आला. रांगेला माणूस हवं, म्हणून हमीदा मिलमध्ये गेली नाही. टँकर तिच्या पुढच्या चौथ्या हंड्याला संपला. शुक्रवारी त्याच रांगेपायी पुन्हा गेली नाही. शनिवारी गेली तेव्हा तिच्या सुपापुढे दुसरी बाई बसलेली होती. सुपरवायझरने रागही केला नाही. सांगितलं होतं तसं केलं, इतकंच. घरी येऊन हमीदाने सबाला एका शब्दाने बोल लावला नाही, उलट जेवताना म्हणाली, "तेरा क्या कुसूर? तूने तो सही बनाया था." सबा ताटावरून उठली.

रविवारी सकाळी त्रिशरणनगरच्या समाजमंदिरात बैठक भरली. दोन्ही वस्त्यांच्या पाणी समितीच्या अध्यक्ष द्रौपदाबाई, तीस वर्षं अंगणवाडीत पोरं सांभाळलेल्या. त्या बोलू लागल्या की मोठी माणसंही मांडी घालून बसत. दीडशे बायका होत्या. अभिमन भिंतीला टेकून उभा होता. सबाने आत शिरताच पर्समधून त्याची पितळी शिट्टी काढून त्याच्या हातात दिली. शनिवारी जळगावचं ऑफिस उघडून तिने ती फ्रेममधून काढून आणली होती. काच फुटली होती, ती तिने झाडलीही नव्हती.

भाऊ लग्नातले बुंदीचे लाडू घेऊन आले होते. प्रत्येक रांगेत डबा फिरवून मग ते बोलायला उभे राहिले.

"तंत्रज्ञान म्हटलं की असं होतं, मावश्यांनो. आमच्या सबाकडून कोडमध्ये थोडी चूक झाली. लेकरू आहे. मी तिला माफ केलंय, तुम्हीही मोठ्या मनाने करा."

एकोणतीस वर्षांच्या लेकराची कानशिलं तापली. दीडशे माना तिच्याकडे वळल्या. याच बायकांनी तिच्या शब्दावर नंबर दिले होते, कामाला गेल्या होत्या, दाराला कुलपं लावली होती. आज इथून ती 'चूक करणारी' म्हणून उठली, तर उद्या नूरबागेत तिला कोणी दारात उभं करणार नव्हतं.

"ते सगळं लिहिलेलं असतं, अक्का," ती द्रौपदाबाईंना म्हणाली. "कोणी कुठली ओळ बदलली, कधी बदलली, कशासाठी बदलली."

"मंग वाचीसन दखाड," द्रौपदाबाई म्हणाल्या. "आम्हले बी समजू दे, कोनी काय करं ते."

भाऊ म्हणाले, "अहो, ते तांत्रिक असतं, तुम्हाला कळणार नाही." यापेक्षा मोठी चूक त्यांना करता आली नसती. द्रौपदाबाईंनी त्यांना हाताने बसा अशी खूण केली, आणि ते बसले.

सबाने लॅपटॉप उघडला आणि वाचू लागली. एकेक ओळ वाचायची आणि साध्या भाषेत सांगायची. नंबर पुसले जाऊ नयेत म्हणून घातलेली ओळ: खोडली, रविंद्रभाऊ. रोजच्या नकलेची ओळ: खोडली, रविंद्रभाऊ. प्रदेश खान्देश: घातली, रविंद्रभाऊ. कारण: 'आपल्या माणसालाच मिळावं म्हणून.'

"कोन हाऊ आपला मानूस?" मागून कोणीतरी विचारलं.

"भाऊंच्या साडूचा मुलगा. नरडाण्याला. बुधवारी सगळे लग्नाला गेले आणि निघताना घराचा मेन स्विच पाडला."

आधी एक बाई हसली, मग समाजमंदिर हसलं. पत्र्याचं छत दणाणलं. एकीने लाडवाचा डबा भाऊंच्या मांडीवर परत ठेवला. भाऊ रुमालाने मान पुसत राहिले. ज्या घटकेची सबाने त्या शुक्रवारी वाट पाहायला सुरुवात केली होती ती हीच, आणि तिच्या कल्पनेपेक्षा ती कितीतरी गोड होती. दुसऱ्या रांगेत हमीदा पदर तोंडाला लावून हसत होती. बुधवारपासून ती पहिल्यांदाच हसत होती.

पडद्यावर एक ओळ उरली होती.

लॅपटॉप मिटला असता तर कोणाला कळलं नसतं. भाऊंना ती ओळ ठाऊक होती, पण तिचं नाव काढायचं तर वरच्या सगळ्या ओळी खऱ्या म्हणाव्या लागल्या असत्या, आणि तेवढी हिंमत त्यांच्यात नव्हती. सबाचं बोट झाकणावर गेलं. अम्मी अजून हसतच होती, आणि शेजारणीला कोपर मारून पोरीकडे दाखवत होती. ते सबाला बघवेना.

"अजून एक आहे," ती म्हणाली. हसू थांबायला वेळ लागला. "मंजुरी. सबा हबीब मन्यार. शुक्रवार, दुपारी चार वाजून सात मिनिटं."

द्रौपदाबाई पुढे झुकल्या. "म्हंजे? तुनी परवानगीबिगर हाई व्हतं नव्हतं?"

"नाही."

"आनि तू दिधी."

"दिली."

"असं व्हई, हाई तुले माहीत व्हतं?"

"कधी होईल ते माहीत नव्हतं. होणार हे माहीत होतं."

"मंग काबर दिधी, बेटा?"

"भाऊंची फजिती पाहायची होती," सबा म्हणाली. तिचा आवाज इतका लहान झाला की मागच्या रांगेने काय म्हणाली म्हणून विचारलं, आणि पुढच्या रांगेतल्या बाईने ते मागे सांगितलं.

हमीदाने तोंडावरचा पदर खाली घेतला. पोरीकडे तिने थोडा वेळ पाहिलं, पहिल्यांदाच भेटलेल्या माणसाकडे पाहावं तसं. मग ती गुडघ्यावर हात टेकून उठली.

"बुधवार कू मैं घर पेच रहूंगी," ती म्हणाली. "वैसे भी अब मिल कहाँ है."

दाराशी अभिमन शिट्टी बोटांत फिरवत उभा होता. त्याच्यापाशी ती थांबली.

"अभिमनभाऊ, आमच्या गल्लीच्या तोंडाशी जरा जोरात वाजवा," हमीदा म्हणाली, आणि चपला घालून बाहेर पडली.